बेबिंका

गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळ, ईस्टर व लग्नकार्याच्या निमित्ताने होणारे थरांचे गोड पक्वान्न. कोकणीत बिबिंक. अंड्यांचा बलक, नारळाचे जाड दूध, साखर, मैदा, तूप व जायफळ एवढेच त्याचे घटक. फुगण्यासाठी सोडा किंवा यीस्ट घालत नाहीत. परंपरेने थर सात मानले जातात, परंतु हौसेने सोळापर्यंतही लावतात. 2023 मध्ये गोव्याच्या बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळाले.

उगम : याविषयी एकमत नाही. सर्वांत लोकप्रिय कथा जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठाशी जोडलेली आहे. 1606 मध्ये पायाभरणी झालेल्या या ऑगस्टिनियन (संत ऑगस्टीनच्या पंथाच्या) मठातील बेबियाना नावाच्या जोगिणीने, म्हणजे ननने, उरलेल्या बलकांपासून हा पदार्थ केला आणि लिस्बन व जुने गोवे यांच्या सात टेकड्यांवरून सात थर ठेवले, असे सांगतात. या कथेला मौखिक परंपरेपलीकडचा भक्कम आधार दिसत नाही. तिच्यातील बलकांचा तपशील मात्र दुर्लक्षिण्याजोगा नाही. पोर्तुगालमधील मठांत अंड्यांचा पांढरा भाग वस्त्रांना खळ देण्यासाठी व वाइन नितळ करण्यासाठी वापरला जाई. उरलेल्या बलकांतून तेथील मठांच्या मिठाईची एक मोठी शाखाच वाढली. बलक व साखर यांचा गोव्यातील सढळ वापर याच वळणाचा आहे.

दुसरे मत पूर्वेकडे बोट दाखवते. फिलिपीन्समधील बिबिंग्का, मकावमधील बेबिंका व श्रीलंकेतील बिबिक्कन यांचे गोव्यातील पदार्थाशी नामसाम्य उघड आहे. पण मकावचा पदार्थ हा थर नसलेला, दुधाचा मऊ खरवसासारखा प्रकार, तर श्रीलंकेतील बिबिक्कन खोबरे व काकवीचा केक. त्यामुळे नावापेक्षा भाजण्याची रीत पाहणे अधिक उपयुक्त ठरते. फिलिपीन्समध्ये तांदळाचे पीठ व नारळाचे दूध केळीच्या पानावर ओतून वर-खाली निखारे ठेवून भाजतात, आणि तेही मुख्यतः नाताळपूर्वीच्या पहाटेच्या प्रार्थनांच्या दिवसांत. एकेक थर वरच्या आचेवर भाजण्याची पद्धत इंडोनेशियातील लापिस लेगित या थरांच्या केकमध्ये आढळते; तो डच वसाहतकाळातील पदार्थ. पोर्तुगीजांनी गोवा 1510 मध्ये आणि मलाक्का (आजच्या मलेशियातील बंदर) 1511 मध्ये घेतले. पुढे मकावही याच सागरी मार्गावर आले, म्हणजे पाकरीती इकडून तिकडे जाण्याची वाट खुली होती. नारळाचे दूध व दुहेरी आच आशियाई, बलक व साखरेचे प्रमाण पोर्तुगीज, अशी संमिश्र घडण मानणे सर्वांत सयुक्तिक वाटते. ती नेमकी केव्हा झाली याबद्दल सतराव्या शतकाचा उल्लेख वारंवार होतो. तो सावधपणेच घ्यावा.

भाजणी : घरोघरी प्रमाण बदलते. साधारणतः 10 ते 12 बलकांना 2 नारळांचे पहिले दूध, अर्धा किलो साखर व पाव किलोपर्यंत मैदा घेतात. साखर दुधात विरघळवून त्यात फेटलेले बलक व मैदा मिसळतात आणि गुठळी राहू नये म्हणून मिश्रण गाळून घेतात. पूर्वी यासाठी तिझाल नावाचे मातीचे भांडे वापरीत. झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवीत. पहिला थर शिजेपर्यंतच खालची आच लागते. पुढे ती जवळजवळ काढून घ्यावी लागते, कारण तळाचा थर तासन्‌तास भांड्यातच असतो व करपू शकतो. यानंतरचे सगळे काम वरच्या आचेचे.

थराचा पृष्ठभाग खरपूस, तांबूस झाला की त्यावर चमचाभर तूप सोडून पुढची पळी ओततात. प्रत्येक वेळी मिश्रण तळापासून ढवळणे अगत्याचे, अन्यथा मैदा खाली बसून शेवटचे थर चिवट होतात. आधीचा थर कच्चा असेल तर नवा त्यात मिसळून रेघ नाहीशी होते. फार करपला तर कडवटपणा येतो. कापल्यावर दिसणाऱ्या गडद रेघा या भाजलेल्या पृष्ठभागांच्याच असतात. काही जणी रंगासाठी साखरेचा कॅरमेल घालतात; तो जुन्या रीतीतला नसावा, आणि नीट भाजलेल्या बेबिंकाला त्याची गरजही पडत नाही. हल्ली ओव्हनची वरची आच (ग्रिल) वापरतात. पूर्ण निवल्यावर उलटून पातळ काप काढावेत. गरम असताना सुरी लावल्यास थर सुटतात.

जोडीचे पदार्थ व वाइन : नाताळला शेजाऱ्यांकडे पाठवायच्या ताटात, म्हणजे कोन्सुआदमध्ये, बेबिंकाबरोबर माडाच्या गुळाचे दोदोल, रवा-खोबऱ्याची बोलिन्यां, पेरूचे पेराद, नेवऱ्यो (करंज्या) व कुलकुल (तळलेल्या पिठाच्या गोड वळ्या) असतात. यांपैकी बरेचसे विनाओव्हन होतात.

घरगुती वाइन द्राक्षे, जांभूळ किंवा आल्याची करतात. फळ, साखर, पाणी, यीस्ट व मूठभर गहू बरणीत घालून काही आठवडे आंबवतात, मग गाळतात. नितळ होण्यासाठी फेटलेला अंड्याचा पांढरा भागही काही घरांत घालतात. बाजारातील गोड लाल वाइन गोव्यात पोर्ट म्हणून विकली जाते. युरोपात मात्र हे नाव 1756 मध्ये सीमांकित झालेल्या पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यातील वाइनलाच लागते. काजूची फेणी ऊर्ध्वपातित असल्याने वाइनमध्ये मोडत नाही.