खाज डोळ्यांना, दुखणं पापणीच्या कडेला

'डोळे चुरचुरतायत, एखादा ड्रॉप द्या,' असं केमिस्टला सांगून मुंबईत कितीतरी लोक थेंब घेऊन जातात. दोन दिवस बरं वाटतं, मग खाज पुन्हा सुरू. दोष कधी समोरच्या बांधकामाच्या धुळीवर जातो, कधी ऑफिसातल्या एसीवर. दोन्हींनी त्रास वाढतो हे खरंच. पण सकाळी चिपडांनी पापण्या चिकटत असतील, कडा लाल आणि जाडसर झाल्या असतील, केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे कण दिसत असतील, तर बहुधा पापणीची कडच सुजलेली असते. डॉक्टर याला ब्लेफरायटिस म्हणतात.

केसांच्या रांगेच्या जरा आत बारीक छिद्रांची एक ओळ असते. ही मायबोमियन ग्रंथींची तोंडं. वरच्या पापणीत अशा साधारण २५ ते ४० ग्रंथी असतात, खालच्या पापणीत २० ते ३०. पापणी लवली की त्यांतलं तेल अश्रूंवर पसरतं आणि अश्रू लगेच उडून जात नाहीत. कड सुजली की हे तेल थंडीत थिजलेल्या खोबरेलासारखं घट्ट होतं आणि छिद्रं बुजतात. मग डोळा कोरडा पडतो, जळजळतो, आणि गंमत म्हणजे त्यामुळेच पाणीही येतं. मुंबईच्या दमट हवेत डोळे कोरडे कसे, असं वाटेल. पण दिवसभर एसीत स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या नेहमीपेक्षा फारच कमी लववतो.

कडेवर वाढणारे जिवाणू आणि डोक्यातला कोंडा हेही यात भर घालतात. कधी केसांच्या मुळाशी राहणारे डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडेही कारण असतात. लांबी जेमतेम ०.३ मिलिमीटर. ते बऱ्याच निरोगी माणसांतही सापडतात, घाबरायचं कारण नाही. त्यांच्यावर टी ट्री तेल लावा असं कुणी सुचवलं तर निव्वळ तेल मात्र डोळ्याजवळ नेऊ नका, डोळा भाजून निघेल.

खरा उपाय साधा आहे, पण तो रोज करावा लागतो. स्वच्छ रुमाल सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा आणि मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. रुमाल एक-दोन मिनिटांत निवतो, आणि बहुतेकांचं चुकतं ते इथेच. पाच ते दहा मिनिटं पुन्हा पुन्हा गरम करत राहिलं तरच तेल पातळ होतं. मग लगेच बोटाने हलकं चोळायचं, वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर. शेवटी कोमट पाण्यात बेबी शाम्पूचे दोन-चार थेंब घालून, ओल्या कापसाने केसांची मुळं पुसून घ्यायची. सुरुवातीला दिवसातून दोनदा, आराम पडल्यावर एकदा. फरक दिसायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून सोडलं की दुखणं परत येतं.

रांजणवाडीवर तळहातावर घासलेलं गरम बोट टेकवायची आपल्याकडे पद्धत आहे. त्यातली ऊब योग्यच, पण न धुतलेलं बोट नको. काजळ पापणीच्या आतल्या कडेला भरू नये, कारण ते थेट त्या छिद्रांवरच बसतं.

मला सर्वात जास्त काळजी वाटते ती मनाने घेतलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांची. लाली चटकन उतरते, म्हणून तीच बाटली महिनोन्‌महिने वापरली जाते. त्याने डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. गरज असेल तर डॉक्टर अँटिबायोटिक मलम किंवा गोळ्या देतात, कधी थोडे दिवस स्टेरॉइडही, पण तेव्हा ते दाबावर लक्ष ठेवून असतात.

नजर धूसर झाली, उजेड सहन होईना किंवा डोळा ठणकू लागला तर थांबू नका. उतारवयात एकाच पापणीवर, त्याच जागी गाठ पुन्हा पुन्हा येत असेल किंवा तिथले केस गळत असतील, तर तो क्वचित पापणीच्या तेलग्रंथींचा कॅन्सरही असू शकतो. केईएम, सायन, नायर अशा पालिकेच्या रुग्णालयांत डोळ्यांची ओपीडी आहे. तिथे दाखवा आणि गाठीचा तुकडा तपासायला पाठवायचा का, हे स्पष्ट विचारा.