साथ, टॉवर आणि सक्ती: मोबाइलवरून रोगप्रसार शोधण्याची पार्श्वभूमी

साथीच्या गणिताशी मुंबईचे नाते जुने आहे. १९२७ मध्ये दोन स्कॉटिश संशोधकांनी रोगप्रसाराची जी समीकरणे मांडली, ती त्यांनी पडताळून पाहिली मुंबई बेटावरच्या १९०५-०६ च्या प्लेगमृत्यूंवर. आजही बरीच मॉडेल्स त्याच पायावर उभी आहेत. पण त्यात कोणीही कोणालाही सारख्याच शक्यतेने भेटतो, असे धरलेले होते. माणसे प्रत्यक्षात कुठून कुठे जातात, हे मोजण्याची सोय मोबाइल येईपर्यंत नव्हती.

कॉल किंवा एसएमएस केला की तो कोणत्या टॉवरवरून गेला याची नोंद कंपनीकडे बिलासाठी होतेच. नाव-नंबर झाकून या नोंदी एकत्र केल्या की गावोगावची ये-जा दिसते. केनियात जून २००८ ते जून २००९ या वर्षभरात सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या अशा नोंदी मलेरियाच्या नकाशावर ठेवल्या गेल्या. व्हिक्टोरिया सरोवराच्या भागातून परतणारे प्रवासी मलेरियाचे परजीवी नैरोबीपर्यंत नेतात, हे त्यातून पुढे आले. २०१० मध्ये हैतीत आधी भूकंपाने विस्थापित झालेली माणसे आणि नंतर कॉलराग्रस्त भागातून बाहेर पडणारी माणसे याच पद्धतीने शोधली गेली. २०१४ च्या इबोला साथीत मात्र नोंदी द्यायच्या की नाही, यावरच घोळ झाला आणि अभ्यासकांना पश्चिम आफ्रिकेतल्या इतर देशांच्या जुन्या नोंदींवर काम भागवावे लागले.

कोविडच्या वेळी भारतात चर्चा या टॉवर-नोंदींची फारशी झाली नाही. ती झाली आरोग्य सेतू या सरकारी ॲपची. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. टॉवरच्या एकत्रित नोंदी गर्दी कुठे सरकते ते सांगतात. ॲप सांगते कोण कोणाजवळ होते. पहिलीतून मॉडेल तयार होते, दुसरीतून विलगीकरणाची यादी. लॉकडाउननंतर मुंबई-पुण्याहून लाखो मजूर गावाकडे निघाले, तेव्हा वाटेतल्या जिल्ह्यांना आणि त्यांच्या गावांना खरी गरज पहिल्या प्रकारच्या माहितीची होती.

आरोग्य सेतू २ एप्रिल २०२० रोजी आले. त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी सिंगापूरने आपले ॲप आणले होते. ते फक्त ब्लूटूथवर चालत होते. आपल्याकडे त्याला जीपीएसची जोड दिली गेली. नोंदणी करताना नाव, वय, व्यवसाय आणि प्रवासाची माहिती द्यावी लागे. तेव्हा ॲप ऐच्छिक असल्याचे सांगितले गेले.

१ मे रोजी ते ऐच्छिक राहिले नाही. त्या दिवशीच्या केंद्राच्या आदेशात सरकारी आणि खासगी, सर्व कर्मचाऱ्यांना ॲप सक्तीचे झाले आणि शंभर टक्के कर्मचाऱ्यांकडे ते असण्याची जबाबदारी आस्थापनेच्या प्रमुखावर टाकली गेली. प्रतिबंधित क्षेत्रातल्या रहिवाशांनाही तोच नियम. पहिली श्रमिक रेल्वेही त्याच दिवशी सुटली. नोएडात फोनमध्ये ॲप नसेल तर सरकारी आदेश मोडल्याबद्दलचे कलम १८८ लागेल, असे पोलिसांनी जाहीर केले. कार्यालयाच्या दारात थर्मल गन कपाळावर धरण्याबरोबर फोनवर ॲपमधला 'सुरक्षित' सांगणारा हिरवा रंग दाखवणे आले. साथ शोधायला आणलेले साधन असे प्रवेशाचा पास होऊन बसले.

या सक्तीवरचा आक्षेप निव्वळ तांत्रिक नव्हता. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवताना त्यात हस्तक्षेप करायचा तर कायदा हवा, असे म्हटले होते. इथे होता फक्त आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालचा आदेश. माहिती कशी वापरावी याची नियमावली आली ११ मे रोजी, म्हणजे सक्तीनंतर दहा दिवसांनी. हा क्रम उलटा होता. १७ मेच्या आदेशात भाषा मवाळ होऊन 'शक्य तितके प्रयत्न करावेत' इतकीच राहिली, आणि २६ मे रोजी अँड्रॉइड आवृत्तीचा सोर्स कोड, म्हणजे ॲपचा मूळ प्रोग्रॅम, सर्वांना पाहायला खुला झाला. जानेवारी २०२१ मध्ये एका उच्च न्यायालयाने वापरकर्त्याच्या संमतीविना आरोग्यविषयक माहिती इतरांना देण्यास अंतरिम मनाई केली.

ब्लूटूथची मर्यादाही तेव्हा फारशी बोलली गेली नाही. सिग्नलच्या जोरावरून अंतराचा अंदाज बांधला जातो, पण सिग्नल पातळ भिंतीतूनही जातो. दहा बाय दहाच्या खोल्या पाठीला पाठ लावून असल्या, की पलीकडच्या घरातला अनोळखी माणूसही 'संपर्कात' धरला जाऊ शकतो. धारावीत साथ आटोक्यात आणण्याची मुख्य भिस्त राहिली ती घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविका, ताप तपासणी शिबिरे आणि ऑक्सिमीटर यांच्यावर. त्या बायकांचे काम ॲपच्या डाउनलोडच्या आकड्यांमागे झाकले गेले, ही बोच कायम आहे.

ॲपमधली संपर्क शोधण्याची सोय बंद करून ती माहिती पुसल्याचे सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये संसदेत सांगितले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. साथीच्या काळात उपचार वा आरोग्यसेवा देण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा त्यात दिलेली आहे.