माझे पाणी, तुझे पाणी: अथेन्सच्या न्यायालयात घडलेले वक्तृत्व

प्राचीन अथेन्समध्ये एखाद्यावर फिर्याद झाली, की त्याला न्यायालयात स्वतः उभे राहून बोलावे लागे. पैसे घेऊन अशिलाची बाजू मांडणारा वकील तिथे नव्हता. निकाल देणारा न्यायाधीशही नव्हता. कामकाज चालवणारा अधिकारी असे, पण कायद्याचा अर्थ समजावून सांगणे त्याच्याकडे नव्हते. समोर बाकांवर निकाल देणारे नागरिक, म्हणजे न्यायपंच, बसलेले असत. खाजगी दावा १,००० द्राख्मांपर्यंतचा (द्राख्मा हे अथेन्सचे चांदीचे नाणे) असेल तर २०१, त्याहून मोठा असेल तर ४०१, आणि सार्वजनिक खटल्याला बहुधा ५०१. ग्रीक वक्तृत्वाची पुष्कळशी अंगे या बाकांकडे पाहिले की उलगडतात. ती कला अलंकारांच्या हौसेतून जन्मली असे समजून वाचायला घेतले, तर तिचा निम्मा अर्थ हातातून निसटतो.

परंपरेने या शास्त्राचा उगम सिसिलीतल्या सिराक्यूज नगरात सांगितला जातो. इ.स.पू. ४६६च्या सुमारास तिथली हुकूमशाही कोसळली. बळकावलेल्या जमिनी परत मिळवण्यासाठी लोकांनी दावे लावले, आणि कोरॅक्स व टिसियस यांनी बोलण्याचे नियम बांधून दिले. त्यांचे स्वतःचे लिखाण उरलेले नाही. मात्र ‘संभवा’वरून युक्तिवाद करण्याची रीत त्यांच्या नावावर आहे: साक्षीदार नसेल तर कोणती गोष्ट घडणे जास्त संभवते ते दाखवायचे. दुबळ्या माणसाने म्हणायचे, मी या धिप्पाड माणसावर हात कसा उगारीन? आणि धिप्पाडाने म्हणायचे, संशय आधी माझ्यावरच येणार हे ठाऊक असताना मी असे कशाला करीन? इ.स.पू. ४२७मध्ये सिसिलीतल्याच लिओन्तिनीचा गॉर्जियस राजदूत म्हणून अथेन्सला आला आणि त्याच्या तालबद्ध, तोलून रचलेल्या वाक्यांनी अथेन्सकर भारावून गेले.

पण कलेला खरा घाट दिला तो अथेन्सच्या न्यायपंचांनी. दरवर्षी तीस वर्षांवरच्या नागरिकांतून ६,००० जण चिठ्ठीने निवडले जात. दिवसाचा भत्ता आधी दोन ओबोल होता, इ.स.पू. ४२५च्या सुमारास तीन झाला. तीन ओबोल म्हणजे अर्धा द्राख्मा. त्याच शतकाच्या अखेरीस अक्रोपोलिस या टेकडीवरच्या बांधकामात कारागिराची रोजची मजुरी एक द्राख्मा होती. इ.स.पू. चौथ्या शतकात कोणता पंच कोणत्या न्यायालयात बसणार हे त्याच दिवशी सकाळी ठरे. पंचांच्या नावाच्या पट्ट्या सोडतयंत्राच्या खाचांत बसवत आणि काळे-पांढरे गोटे सोडून निवड करत. यामुळे लाच देणे अवघड झाले, हे खरेच. पण बोलणाऱ्यालाही आपल्यापुढे कोण बसणार हे आदल्या रात्री कळत नसे. म्हणून भाषण कुणाही सामान्य अथेन्सकराला पटेल असेच रचावे लागे. पंच आपसांत चर्चा करत नसत. भाषणे संपली की लगेच मतदान. प्रत्येकाच्या हातात दोन काशाच्या चकत्या असत. एकीचा मधला दांडा पोकळ, दुसरीचा भरीव. पोकळ ती फिर्यादीच्या बाजूची, भरीव ती आरोपीच्या. दांड्याची टोके बोटांनी झाकली की कोणती चकती कोणत्या भांड्यात पडली ते शेजाऱ्याला दिसत नसे. काशाच्या भांड्यातले मत मोजले जाई, लाकडी भांड्यातले बाद. मते समसमान पडली तर आरोपी सुटे.

आता पाण्याकडे. भाषणाची वेळ पाण्याने मोजत. आपल्याकडे लग्नाच्या मुहूर्तासाठी जोशी जे घटिकापात्र वापरत, ते पाण्यात हळूहळू बुडे. अथेन्सचे मातीचे पात्र उलट रिकामे होत जाई. अगोरात, म्हणजे अथेन्सच्या बाजारचौकात, सापडलेल्या एका पात्रात दोन खूस, म्हणजे सुमारे ६.४ लिटर पाणी मावते. काठाजवळच्या भोकातून जास्तीचे पाणी वाहून जाई, त्यामुळे भरण्यात लबाडी नाही. तळाजवळच्या काशाच्या नळीतून ते साधारण सहा मिनिटांत संपते. पाणी उतरत जाते तशी धारही मंदावते, म्हणजे शेवटच्या मिनिटात वेळ किती उरला याचा अंदाज धारेवरून येई. ५,००० द्राख्मांवरच्या दाव्याला पहिल्या भाषणासाठी १० खूस, दुसऱ्यासाठी ३. त्याखाली ७ आणि २. १,०००च्या आत ५ आणि २. वरच्या हिशेबाने मोठ्या दाव्याला अर्धा तास, लहानाला पंधरा मिनिटे. पाण्यावर लक्ष ठेवणारा माणूसही चिठ्ठीनेच निवडत. खाजगी दाव्यात कारकून कायदा किंवा साक्ष वाचू लागला की तो धार बंद करी. सार्वजनिक खटल्याला अख्खा दिवस वाटून दिलेला असे, तिथे धार थांबत नसे. वक्ते आपल्या वेळेला सरळ ‘माझे पाणी’ म्हणत.

भाषणाचे चार भाग, म्हणजे प्रस्तावना, हकीकत, पुरावा आणि समारोप, या मापातच बसवावे लागत. प्रस्तावनेत ‘मला न्यायालयाची सवय नाही’ असे म्हणण्याचा प्रघात पडला, कारण सराईत बोलणाऱ्याकडे पंच संशयाने पाहत. हकीकत लांबली की पुराव्याला पाणी पुरत नसे. नवख्याची चूक बहुधा इथेच होई. समारोपात पंचांना दया यावी म्हणून काहीजण मुलाबाळांना पुढे आणत. आणि पंच गप्प बसून ऐकत असेही नाही. आवडले नाही तर ओरडा करत, ‘खाली उतर’ म्हणत. पाठ केलेले भाषण त्या गोंगाटात हमखास विसरे.

पुष्कळ भाषणे पाठच केलेली असत, कारण ती दुसऱ्याने लिहून दिलेली असत. या व्यवसायातला लिसियस माझ्या मते सर्वांत मोठा. त्याचे वडील सिराक्यूजहून आलेले, त्यामुळे तो अथेन्सचा नागरिक नव्हता. ज्या गावात त्याला नागरिकाचे हक्क नव्हते, त्याच गावच्या नागरिकांसाठी तो लिहीत राहिला. त्याचे कसब शेतकऱ्याला शेतकऱ्यासारखे बोलायला लावण्यात. एका अपंग माणसाचा रोजचा एक ओबोलचा भत्ता बंद करावा अशी मागणी झाली. हा घोड्यावर बसतो, म्हणजे धडधाकट आहे, असा आक्षेप होता. लिसियस त्याच्या तोंडी उत्तर घालतो: पैसे असते तर मऊ खोगिराच्या खेचरावर बसलो असतो, ते नाहीत, म्हणून लोकांचे घोडे मागून नेतो. एकही अलंकार नाही. माणूस मात्र डोळ्यांपुढे उभा राहतो.

अथेन्सचा नामवंत वक्ता डिमॉस्थिनीसही न्यायालयाच्याच वाटेने आला. पालकांनी वडिलोपार्जित संपत्ती गिळली म्हणून त्याने विशीत स्वतःचा दावा चालवला आणि जिंकला. अडखळणारी जीभ सुधारण्यासाठी त्याने तोंडात खडे धरून सराव केल्याची गोष्ट चरित्रकार प्लुटार्क सांगतो.

फिर्याद करणाऱ्यालाही धोका होताच. सार्वजनिक खटल्यात पाचव्या हिश्शाइतकीही मते मिळाली नाहीत तर त्याला १,००० द्राख्मा दंड होई आणि तशी फिर्याद पुन्हा करण्याचा हक्कही जाई. इ.स.पू. ३३०मध्ये डिमॉस्थिनीसचा विरोधक ईस्किनीस याचे नेमके हेच झाले. डिमॉस्थिनीसला सुवर्णमुकुट देण्याच्या ठरावावर त्याने खटला भरला होता. डिमॉस्थिनीसच्या उत्तराच्या भाषणानंतर ईस्किनीस इतक्या वाईट रीतीने हरला, की त्याने अथेन्स सोडले.

ॲरिस्टॉटलने भाषणांचे तीन प्रकार केले: सभेतले, न्यायालयातले आणि समारंभातले. वक्त्याचे शील, श्रोत्याची भावना आणि युक्तिवाद ही मन वळवण्याची तीन साधने त्याने वेगळी काढून दाखवली. तोवर लिसियसला जाऊन अर्धे शतक होऊन गेले होते. शास्त्राने व्यवहारातले नियम गोळा केले, हा क्रम लक्षात ठेवायला हवा.

इ.स.पू. ३२२मध्ये मॅसिडोनियाने लोकशाही मोडली आणि २,००० द्राख्मांहून कमी मालमत्ता असलेल्यांचे राजकीय हक्क काढून घेतले. न्यायालयातली भाषणे पुढे शाळांत नमुना म्हणून उतरवली जाऊ लागली, आणि म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली. त्या हस्तलिखितांत हकीकत रंगात आली असताना मध्येच ‘साक्षीदार’ किंवा ‘कायदा’ एवढाच शब्द येतो, आणि खाली अनेकदा काहीच नसते. तिथे कारकून वाचू लागे आणि पाणी थांबे.