फेलओव्हर की लोड बॅलन्सिंग? फायबरच्या जोडीला सिमचा राउटर घेतलाय त्यांच्यासाठी

घरात फायबर असतं, ते दगा देतं म्हणून सिमवाला राउटर येतो. दोन्हीच्या वायरी ड्युअल वॅन राउटरला (दोन इंटरनेट लाइनी घेणाऱ्या राउटरला) जोडल्या जातात आणि सेटिंगमध्ये ‘लोड बॅलन्स’ दिसलं की तेच निवडलं जातं. मग बँकेची साइट मधेच लॉगआउट करते आणि सिमचा रोजचा डेटा दुपारीच संपतो. लाइनींत काही बिघाड नसतो. हवं होतं फेलओव्हर, चालू झालं भलतंच.

फेलओव्हरमध्ये मोबाइलची लाइन राखीव असते. फायबर चालू आहे तोवर सगळं त्यावरूनच जातं. ते बंद पडलं की राउटर आपोआप मोबाइलवर येतो, सुरू झालं की परत फिरतो. लोड बॅलन्सिंगमध्ये दोन्ही लाइनी सतत राबतात आणि प्रत्येक नवी जोडणी या नाहीतर त्या लाइनीवर जाते. त्यामुळे बँकेला एकाच ग्राहकाचे दोन आयपी पत्ते दिसू शकतात आणि ती सावध होते. वेगही वाटतो तसा वाढत नाही: १०० आणि २० एमबीपीएसच्या लाइनी असल्या तरी एक फाइल उतरवताना १२० मिळत नाहीत, कारण ती एकाच लाइनीवरून येते. ऑफिसात दोन अनलिमिटेड फायबर असतील तर लोड बॅलन्सिंग जरूर करा. सिमसोबत मी तरी कुणाला सुचवणार नाही.

गोंधळ होतो याला कारण आहे. लोड बॅलन्सिंगमध्येही एक लाइन मेली की बहुतेक राउटर सगळा भार दुसरीवर टाकतात, त्यामुळे वरवर दोन्ही सारखंच वाटतं. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरवर चालणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरच्या एमवॅन३ मध्ये (एकाहून जास्त लाइनी सांभाळणारं पॅकेज) तर फरक एका आकड्याचा आहे. दोन्ही लाइनींच्या ‘मेंबर’ना सारखं मेट्रिक (पसंतीक्रम, लहान आकडा आधी) दिलं तर वाटणी होते; फायबरला १ आणि मोबाइलला २ दिलं की फेलओव्हर.

आता खरी मेख. पावसाळ्यात आमच्याकडे केबलवर झाड पडलं, ओएनटीवर (फायबरची वायर घरात येऊन जिथे जोडली जाते तो डबा) लाल दिवा लुकलुकत होता, आणि फेलओव्हर लावलेलं असूनही राउटर मोबाइलवर गेलाच नाही. तो फक्त गेटवेला, म्हणजे बाहेर जाताना लागणाऱ्या पहिल्या टप्प्याला, पिंग करत होता (‘आहेस का?’ असं विचारत होता), आणि त्याचा गेटवे म्हणजे शेजारच्या फळीवरचा ओएनटी. फायबर तुटलं तरी त्या डब्याला वीज होती, तो इमानेइतबारे उत्तर देत होता. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरचं उदाहरण घ्या: गेटवे तपासणी दर १० सेकंदांनी पिंग करते आणि दोनदा उत्तर आलं नाही की तो मार्ग बाद करते. पण उत्तर घरातूनच येत असेल तर मार्ग बाद होणार कसा?

म्हणून तपासणी घराबाहेरच्या पत्त्यांवर लावा: ८.८.८.८ (गूगलचा) आणि १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरचा). दोन्ही गप्प झाले तरच लाइन गेली असं धरायला सांगा. फायबरची तपासणी फायबरवरूनच बाहेर पडली पाहिजे, हेही बघा. नाहीतर मोबाइलवर गेल्यावर तीच पिंग मोबाइलवरून यशस्वी होते, राउटरला वाटतं फायबर आलं, तो परत फिरतो, पुन्हा पडतो, आणि हे चालूच राहतं. फायबरवर परतण्यापूर्वी सलग पाच-सात पिंग यशस्वी होऊ द्या. लाइन बदलली की बाहेरचा आयपी बदलतो, त्यामुळे चालू व्हिडिओ कॉल एकदा तरी अडखळतोच; तो उगाच दहा वेळा कशाला तोडायचा?

सिम शक्यतो दुसऱ्या कंपनीचं घ्या. आणि ओएनटी, दोन्ही राउटर यूपीएसवर ठेवा. वीज गेली की कुठलंच सेटिंग कामाचं नाही.

सगळं लावून झालं की चाचणी घ्या, पण ओएनटी आणि राउटरमधली लॅन वायर काढून नको. ती काढली तर चुकीचं सेटिंगही पास होतं. ओएनटीत घुसलेली फायबरची बारीक वायर, बहुधा हिरव्या टोकाची, अलगद काढा. टोकात डोकावू नका, त्यातून लेझर येतो. टोकाला बोट लावू नका, धूळ बसू देऊ नका. लाल दिवा लागला की मिनिटभर थांबा आणि फोनचा मोबाइल डेटा बंद करून घरच्या वायफायवर एखादं नवं पान उघडून बघा.