फोनवरून प्रोजेक्शन प्लेयर चालवताना

आमच्याकडून नेटवर्कवरचा प्लेयर घेतलेल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

प्लेयर बसवून झाला की बहुतेक जण आम्हाला एकच प्रश्न विचारतात: मधेच फोनची बॅटरी संपली तर भिंतीवरचं चित्र बंद पडेल का?

नाही पडणार. व्हिडिओ तुमच्या फोनमधून येतच नाही. तो प्लेयरच्या आतल्या कार्डावर असतो आणि प्लेयर तो एचडीएमआय केबलने थेट प्रोजेक्टरला देतो. ब्राउझरमध्ये उघडणारं पान फक्त निरोप पाठवतं: चालू कर, थांब, पुढची फाइल लाव. निरोप पोचला की फोनचं काम संपलं. पान बंद करा, फोन खिशात टाका, अगदी राउटर बंद पडला तरी चालू असलेला लूप चालतच राहतो.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. पानावर जे दिसतं ते प्लेयरने शेवटचं कळवलेलं असतं. मधला दुवा तुटला तर पानावर ‘चालू आहे’ असं जुनंच लिहिलेलं राहू शकतं. म्हणून आम्ही पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका ठेवला आहे. प्लेयरकडून ५ सेकंद उत्तर आलं नाही की तो करडा होतो. करडा असताना पानावरच्या कुठल्याच माहितीवर विसंबू नका, भिंतीकडे बघा.

आणि बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. एका प्रदर्शनात आम्ही दुपारी रिकाम्या दालनात सगळी चाचणी केली, सगळं सुरळीत चाललं. संध्याकाळी दालन भरलं, प्रत्येकाच्या खिशात फोन, आणि वायफाय अडखळायला लागलं. ‘सुरू करा’ दाबलं, काही झालं नाही म्हणून पुन्हा दाबलं, मग तिसऱ्यांदा. थोड्या वेळाने वाट मोकळी झाली आणि तिन्ही निरोप एकामागोमाग पोचले. फिल्म सुरू झाली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, आणि आणखी एकदा पहिल्यापासून. त्यानंतर आम्ही पानात बदल केला: एकदा दाबल्यावर उत्तर येईपर्यंत ते बटण दबलेलंच राहतं. तरी सवय म्हणून सांगतो, एकदा दाबा आणि थांबा.

प्लेयरला केबलनेच जोडा

फोन वायफायवर असला तर हरकत नाही, पण प्लेयर मात्र राउटरला नेटवर्क केबलने जोडलेला असावा असा आमचा आग्रह आहे. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल जेमतेम ३ मिळतात (१, ६ आणि ११), आणि गर्दीत ते लगेच भरतात. नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत बिनधोक जाते. एचडीएमआयची साधी केबल मात्र १०–१५ मीटरच्या पुढे रुसायला लागते. त्यामुळे प्लेयर प्रोजेक्टरजवळच बसवा, एचडीएमआय आखूड ठेवा आणि लांबची धाव नेटवर्क केबलला द्या.

पान उघडण्यासाठी प्लेयरचा पत्ता लागतो. प्लेयर सुरू झाल्यावर पहिला अर्धा मिनिट तो भिंतीवरच दिसतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.४०. या पत्रकात अंक मराठीत छापले आहेत, ब्राउझरमध्ये ते इंग्रजी अंकांत टाइप करावे लागतात. ब्राउझर पान उघडण्याऐवजी हाच आकडा शोधायला निघाला, तर पत्त्याच्या आधी एचटीटीपी, कोलन आणि दोन तिरप्या रेघा (http://) जोडा.

हा पत्ता राउटर वाटून देतो, त्यामुळे तो उद्या बदलू शकतो. राउटरच्या सेटिंग्जमध्ये प्लेयरसाठी एक पत्ता राखून ठेवण्याची सोय असते, ती एकदाच करून घ्या. त्यासाठी लागणारा हार्डवेअर क्रमांक (मॅक अॅड्रेस) प्लेयरच्या तळाशी चिकटवलेला आहे. पत्ता राखल्यावर तो कागदावर लिहून प्लेयरलाच लावा. सहा महिन्यांनी हाच कागद कामाला येतो.

भिंतीवरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर ओळखा की राउटरने प्लेयरला पत्ता दिलेलाच नाही. कोणीच पत्ता देत नाही असं दिसल्यावर यंत्र स्वतःच या मालिकेतला एक पत्ता घेऊन बसतं. बहुतेक वेळा केबल अर्धवट बसलेली असते किंवा राउटरच बंद असतो. प्लेयरमध्ये शोधाशोध करण्याआधी केबलच्या दोन्ही टोकांचे दिवे पेटलेत का ते पाहा.

पत्ता बरोबर, केबलचे दिवे लुकलुकताहेत, तरी पान उघडत नाही? अशा वेळी दोष बहुधा फोनच्या बाजूला असतो आणि तो सहज लक्षात येत नाही. अनेक ठिकाणी प्लेयरसाठी वेगळा राउटर ठेवतात आणि त्याला इंटरनेट नसतं. इंटरनेट नाही असं दिसताच फोन मुकाट्याने मोबाइल डेटाकडे वळतो. वर वायफायची खूण दिसत असते, पण निरोप भलतीकडेच जातात. मोबाइल डेटा बंद करून पाहा. फोनमध्ये व्हीपीएन (सगळं बोलणं दूरच्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) चालू असेल तर तेही बंद करा. तिसरं कारण म्हणजे पाहुण्यांसाठीचं वायफाय. त्या जाळ्यावरची यंत्रं एकमेकांना दिसू नयेत म्हणून राउटर मुद्दाम अडसर घालतो. पाहुण्यांसाठी ते योग्यच आहे, पण चालवणाऱ्याचा फोन मुख्य जाळ्यावरच हवा.

ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ असा इशारा देईल. त्याचा अर्थ एवढाच की फोन आणि प्लेयर यांच्यातलं बोलणं कुलूपबंद नाही. तुमच्या स्वतःच्या बंद जाळ्यावर हे चालतं. मात्र या पानासाठी ठेवलेला पासवर्ड बँकेला किंवा ईमेलला कधीही वापरू नका.

चित्र भिंतीवर नीट बसवणं

आमच्या मते सगळ्यात जास्त वेळ या कामाला द्यायला हवा, आणि नेमकं तेच घाईत उरकलं जातं.

आधी प्रोजेक्टर वीसेक मिनिटं चालू ठेवा. भिंग तापल्यावर फोकस थोडा सरकतो, थंड असताना केलेला फोकस नंतर मऊ दिसतो. मग पानावरून ‘चौकट’ ही चाचणीची आकृती लावा आणि प्रोजेक्टर हातानेच हलवून, भिंतीसमोर जितका सरळ आणता येईल तितका आणा. भिंग वर-खाली सरकवण्याची सोय असेल तर ती वापरा. एवढं करून उरलेला तिरकेपणा मगच पानावरच्या ‘चार कोपरे’ या भागातून काढा: कोपऱ्यावर बोट ठेवा, बाणांनी एकेक ठिपका (पिक्सेल) सरकवा, बदल लगेच भिंतीवर दिसतो.

हा क्रम उगीच सांगत नाही. कोपरे आत ओढले की चित्र भिंगाने लहान होत नाही, ते कमी ठिपक्यांत कोंबलं जातं आणि उरलेले ठिपके काळे राहतात. जितकं जास्त ओढाल तितका बारीक अक्षरांचा कडकपणा जातो. प्रोजेक्टरची स्वतःची कीस्टोन (तिरकेपणा काढण्याची) सेटिंग शून्यावर ठेवा. दोन्हीकडे थोडी थोडी दुरुस्ती केली की चित्र दोनदा घुसळलं जातं आणि दोष कुठला ते नंतर शोधता येत नाही.

वर आणि खाली काळी पट्टी दिसली तर प्रोजेक्टरचा आकार तपासा. १९२० × १२०० च्या प्रोजेक्टरला १९२० × १०८० ची फिल्म दिली की दोन्हीकडे ६०–६० ओळी रिकाम्या राहतात. तो बिघाड नव्हे.

सकाळी सगळं चालू केलं आणि चित्र भलत्याच आकारात आलं, किंवा आलंच नाही, ही तक्रार पुष्कळदा येते. सुरू होताना प्लेयर एचडीएमआयवरून प्रोजेक्टरला विचारतो की तुला कोणता आकार चालतो. एकाच बटणाने दोघांना वीज मिळाली तर प्लेयर आधी जागा होतो, प्रोजेक्टर अजून उत्तर देण्याच्या स्थितीत नसतो, आणि प्लेयर अंदाजाने काहीतरी ठरवतो. उपाय सोपा आहे. सगळं बरोबर दिसत असताना पानावरच्या ‘चित्राचा आकार’ भागात ‘हाच कायम ठेवा’ निवडा. त्यानंतर प्लेयर विचारत बसत नाही.

आणखी एक. ‘काळा पडदा’ हे बटण दाबलं तरी अंधाऱ्या खोलीत भिंत मंद उजळलेली दिसेल, कारण प्रोजेक्टरचा काळा रंग म्हणजे अडवलेला प्रकाश, आणि थोडा गळतोच. नाटकात किंवा नृत्यात खरा अंधार हवा असेल तर ‘झडप’ बटण वापरा. ते प्रोजेक्टरलाच प्रकाश झाकायला सांगतं. हा निरोप पीजेलिंक या भाषेत जातो. ती जपानमधल्या उद्योगसंघटनेने ठरवलेली आहे आणि अनेक कंपन्यांच्या प्रोजेक्टरना कळते. ज्या प्रोजेक्टरमध्ये यांत्रिक झडप नाही तिथे मात्र हलका उजेड राहील.

याच भाषेतून प्रोजेक्टर चालू-बंदही करता येतो. तो पानावरून बंद होतो पण चालू होत नाही, असं झालं तर प्रोजेक्टरच्या मेनूत स्टँडबायची सेटिंग शोधा. वीज वाचवण्याच्या मोडमध्ये अनेक प्रोजेक्टर झोपताना नेटवर्कही बंद करतात, मग त्यांना उठवणारा निरोप ऐकणार कोण? तिथे नेटवर्क चालू ठेवणारा पर्याय निवडा.

फाइल चढवणं आणि वेळापत्रक

फाइलच्या नावात इंग्रजी अक्षरं, अंक आणि आडवी रेघ एवढंच ठेवा. देवनागरी नावं आमचा प्लेयर दाखवतो, पण एकच जोडाक्षर वेगवेगळे संगणक आत वेगळ्या तऱ्हेने साठवतात आणि प्लेलिस्टला फाइल सापडत नाही.

सेकंदाला २० मेगाबिटची १० मिनिटांची फिल्म सुमारे दीड जीबी होते. ४ जीबीची फाइल १०० मेगाबिटच्या जाळ्यावरून जायला सगळं आदर्श असलं तरी सव्वापाच मिनिटांहून थोडी जास्तच लागतात, वायफायवर कितीतरी जास्त. फाइल बदलायचीच असेल तर आदल्या दिवशी बदला आणि शेवटपर्यंत एकदा भिंतीवर पाहा. प्रेक्षक आत येत असताना फाइल चढवू नका.

वेळापत्रक वापरत असाल तर घड्याळ तपासा. प्लेयरमध्ये घड्याळासाठी वेगळी बॅटरी नाही, तो इंटरनेटवरून वेळ घेतो. इंटरनेट नसलेल्या जाळ्यावर वीज गेली की त्याचं घड्याळ मागे राहतं आणि संध्याकाळचा कार्यक्रम भलत्या वेळी लागतो. अशा ठिकाणी रोज सकाळी ‘फोनची वेळ घ्या’ हे बटण दाबायचं.

दोन किंवा जास्त प्लेयर एकत्र चालवणाऱ्यांसाठी: प्रत्येकाच्या पानावर जाऊन एकाच वेळी बटण दाबण्याचा प्रयत्न करू नका. सेकंदाला २५ चौकटींच्या (फ्रेमच्या) फिल्ममध्ये एक चौकट ४० मिलिसेकंदांची असते, बोट तितकं नेमकं पडत नाही. एका प्लेयरला ‘पुढारी’ करा. तो बाकीच्यांशी घड्याळ जुळवतो आणि अमुक क्षणी सुरू व्हा असं आधीच कळवतो. यासाठी सगळे प्लेयर केबलवर असणं सक्तीचं आहे.

बाहेरून कोणी शिरू नये म्हणून

घरून प्लेयर बघता यावा यासाठी राउटरमध्ये थेट दार उघडून ठेवू नका. २०१६ साली मिराई या घातक प्रोग्रामने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्यासाठी त्याला कारखान्यातून आलेले मूळ पासवर्ड पुरले. आमच्या प्लेयरचा पासवर्ड म्हणूनच पहिल्यांदा पान उघडताच बदलावा लागतो. बाहेरून काम करायचंच असेल तर राउटरवर व्हीपीएन लावा.

प्रकाशयोजनेच्या टेबलावरून किंवा दुसऱ्या यंत्रणेतून प्लेयर चालवायचा असेल तर प्रत्येक बटणाचा स्वतंत्र पत्ता मिळतो, तो उघडला की ते बटण दाबल्यासारखंच होतं. ही सोय आम्ही सुरुवातीला बंद ठेवतो. काही ब्राउझर पत्ता पूर्ण टाइप व्हायच्या आतच तो मागच्या मागे उघडून ठेवतात. पत्ता ‘थांबवा’चा असेल तर तुम्ही बोट उचलण्याआधीच फिल्म थांबू शकते. सोय सुरू केलीत तर हे पत्ते फोनच्या ब्राउझरमध्ये साठवू नका.

बंद करताना

पानावरून ‘प्लेयर बंद करा’ दाबा, प्लेयरवरचा हिरवा दिवा विझू द्या, मग वीज काढा. कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली तर कार्ड खराब होऊ शकतं. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर पंखा थांबेपर्यंत त्याचीही वीज काढू नका.

अडचण आलीच तर आम्हाला कळवताना भिंतीचा एक फोटो, पानाचा एक फोटो आणि ‘नोंदी’ भागातून उतरवलेली फाइल अशा तीन गोष्टी पाठवा. नोंदीची फाइल प्लेयर पुन्हा सुरू करण्याआधी उतरवा, कारण नंतर ती कोरी होते.