न्यायालयीन कनिष्ठ लिपिकाची प्रारंभिक वेतननिश्चिती

जिल्हा व तालुका न्यायालयात नव्याने लागलेल्या कनिष्ठ लिपिकाचे पहिले मूळ वेतन ठरवून ते सेवापुस्तकात नोंदवण्याची कार्यपद्धती. उच्च न्यायालयात न्यायमूर्तींना संशोधनात मदत करणारे ‘लॉ क्लर्क’ वेगळे. ते विधी शाखेचे असतात, ठरावीक मुदतीसाठी नेमले जातात आणि त्यांना वेतनश्रेणी नसते, एकत्रित मानधन असते. दारव्हा, अहेरी किंवा धारणीच्या न्यायालयात पक्षकार ज्याला ‘बाबू’ म्हणतात, तो मात्र राज्य शासनाच्या वेतनस्तरात बसतो.

नेमणूक प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश करतात, पण वेतनाचा आकडा त्यांच्या मर्जीवर नसतो. महाराष्ट्र नागरी सेवा (वेतन) नियम, १९८१ आणि सुधारित वेतन नियम, २०१९ यांवरून तो निघतो. २०१९चे नियम १ जानेवारी २०१६पासून लागू धरले आहेत. कनिष्ठ लिपिकाचा स्तर एस-६, म्हणजे दरमहा १९,९०० ते ६३,२०० रुपये. शिपाई व हमाल एस-१मध्ये १५,०००वर, तर लघुलेखक (श्रेणी ३) एस-१४मध्ये ३८,६००वर सुरुवात करतात. सरळसेवेने आलेल्याला स्तरातला पहिला टप्पा मिळतो. मुलाखतीत घासाघीस करून आकडा वाढत नाही. लेखी परीक्षेत पहिला आलेला आणि यादीत शेवटचा आलेला, दोघांचे मूळ वेतन १९,९००च.

मूळ वेतनावर भत्ते चढतात. १ जानेवारी २०२५पासूनच्या ५५ टक्के दराने महागाई भत्ता १०,९४५ होत होता. घरभाडे भत्ता गावाच्या वर्गावर ठरतो. नागपूर व अमरावती शहरे ‘वाय’ वर्गात आहेत, तालुक्याची गावे ‘झेड’ वर्गात. त्यामुळे नागपुरात २० टक्क्यांनी ३,९८० मिळतात तेथे दारव्ह्यात १० टक्क्यांनी १,९९० मिळतात. शिवाय वाहतूक भत्ता. कपातीत राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचे १० टक्के सर्वांत मोठे. त्या दराने मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ३०,८४५ होतात, त्यावर सुमारे ३,०८५ कापले जातात आणि शासन १४ टक्के भर घालते. व्यवसाय कर दरमहा २००, फेब्रुवारीत ३००.

इथवर सगळ्यांचे सारखे. फरक पडतो तो रुजू होण्याच्या दिवसाने आणि आधीच्या सेवेच्या कागदांनी, आणि या दोन्ही गोष्टी उमेदवाराला कोणी आधी सांगत नाही.

वार्षिक वेतनवाढ १ जानेवारी किंवा १ जुलैला मिळते. २ जानेवारी ते १ जुलै या काळात रुजू झालेल्याची पहिली वाढ पुढच्या १ जानेवारीला, २ जुलै ते १ जानेवारी या काळात रुजू झालेल्याची पुढच्या १ जुलैला. म्हणून १ जुलैला रुजू झालेला सहा महिन्यांत २०,५००वर जातो, तर २ जुलैचा वर्षभर १९,९००वर थांबतो. त्याच ५५ टक्के महागाई भत्त्यासह हा फरक दरमहा ९३० रुपयांचा, आणि दर वर्षी सहा महिने मागे राहणे पुढेही चालूच राहते. त्यात रुजू अहवालावर ‘मध्यान्हपूर्व’ आणि ‘मध्यान्हानंतर’ हा शेरा असतो. दुपारनंतर रुजू झाल्यास वेतन दुसऱ्या दिवसापासून धरतात. गडचिरोलीहून सिरोंचा सुमारे २०० किलोमीटर. सकाळच्या एसटीने निघालेला उमेदवार दुपारनंतर पोचला, तर १ जुलैचा अहवाल २ जुलैचा ठरतो. अशा वेळी आदल्या दिवशीच मुक्कामी जाणे योग्य.

आधीची शासकीय सेवा असेल तर वेतनसंरक्षण मिळते, म्हणजे जुन्या पदाचे मूळ वेतन नव्या पदावर कमी होत नाही, पण अट कडक आहे: अर्ज जुन्या कार्यालयामार्फत, परवानगीने केलेला हवा आणि राजीनाम्यात ‘नवीन पदावर रुजू होण्यासाठी’ असा स्पष्ट उल्लेख हवा. दुसऱ्या शासकीय कार्यालयात एस-६मध्येच पाच वेतनवाढी झालेला लिपिक २३,१००वर असतो. कागद नीट असतील तर तो न्यायालयातही २३,१००वर येतो. घाईत साधा राजीनामा दिला तर १९,९००वर. ५५ टक्के महागाई भत्ता धरून महिन्याला ४,९६० गेले, वर आधीची सेवाही बुडते. एस-१मधल्या शिपायाचे आठ वाढींनंतरचे वेतन १९,१००, म्हणजे १९,९००च्या आतच. त्याला संरक्षणाने रुपया वाढत नाही, तरी सेवा जोडून घेण्यासाठी परवानगी घ्यावीच.

कागद आस्थापना शाखेतून फिरतात: नियुक्ती आदेश, वैद्यकीय प्रमाणपत्र, चारित्र्य पडताळणी, टंकलेखनाची प्रमाणपत्रे, राखीव जागेसाठी जात वैधता. मग सेवापुस्तकाचे पहिले पान भरले जाते, सेवार्थ या शासनाच्या पगार-प्रणालीत क्रमांक उघडतो, निवृत्तिवेतन योजनेचा ‘प्राण’ हा कायम खाते क्रमांक येतो. हे दोन क्रमांक येईपर्यंत देयकात नाव चढत नाही, त्यामुळे पहिला पगार उशिरा आणि थकबाकीसह होतो. खोलीभाड्याची सोय त्या हिशेबाने ठेवावी लागते.

गडचिरोली आणि मेळघाटात आणखी एक पदर आहे. ६ ऑगस्ट २००२च्या शासन निर्णयाने आदिवासी व नक्षलग्रस्त क्षेत्रातील शासकीय कर्मचाऱ्यांना तेथे असेपर्यंत एकस्तर, म्हणजे वरच्या पदाची वेतनश्रेणी देण्याची तरतूद झाली. बदली होऊन बाहेर पडताच वेतन मूळ स्तरात पुन्हा बसवावे लागते. नव्या कार्यालयाने जुनाच आकडा पुढे ओढला तर चूक वर्षानुवर्षे दिसत नाही, ती वेतन पडताळणी पथकाच्या तपासणीत निघते. मग वसुली लागते. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी रफिक मसीह प्रकरणात वर्ग ३ व ४च्या कर्मचाऱ्यांकडून, कार्यालयाच्या चुकीने जास्त दिलेल्या वेतनाची वसुली करण्यास मनाई केली. चुकलेले वेतन पुढे दुरुस्त होऊ शकते, मागचे परत मागता येत नाही. वसुली थांबवण्याच्या अर्जासोबत रुजू अहवालाची प्रत, बदली आदेश आणि सेवापुस्तकाच्या त्या पानाची सही-शिक्क्याची नक्कल जोडावी.