तोंड आले, पण कशाने? म्युकोसायटिस आणि तोंडातील बुरशी

कर्करोगावर उपचार घेणारा रुग्ण ‘तोंड आले आहे’ असे सांगतो, तेव्हा त्यामागे दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात: औषधाने किंवा किरणांनी तोंडाच्या अस्तराला झालेली इजा, म्हणजे म्युकोसायटिस, किंवा कॅन्डिडा नावाच्या बुरशीचा संसर्ग. दोन्हींत आग होते, घास गिळवत नाही आणि पांढरट थरही दिसू शकतो. पण एकीला रोखणारा उपाय दुसरीपुढे निरुपयोगी ठरतो.

तोंडाच्या अस्तरातील पेशी सतत झिजतात आणि तळच्या थरातील पेशी भराभर विभागून त्यांची जागा घेतात. केमोथेरपीचा घाव वेगाने विभागणाऱ्या पेशींवरच पडत असल्याने या निरोगी पेशीही त्यात सापडतात. म्हणून म्युकोसायटिसला वेळापत्रक असते: केमोथेरपीनंतर साधारण 5 ते 10 दिवसांनी लाली आणि व्रण दिसू लागतात आणि बहुधा 2 ते 3 आठवड्यांत भरून येतात, तर डोके-मानेच्या किरणोपचारात त्रास दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होऊन उपचार संपल्यावरही काही आठवडे रेंगाळतो. बुरशीला असे वेळापत्रक नसते. ती अनेक निरोगी माणसांच्या तोंडातही निमूट राहते. लाळ आटली, प्रतिजैविके किंवा स्टेरॉइड सुरू झाली, पांढऱ्या पेशी घटल्या किंवा कवळी अस्वच्छ राहिली, की ती बळावते.

बुरशीचा थर दह्याच्या कवडीसारखा असतो आणि बहुधा पुसला जातो. म्युकोसायटिसच्या व्रणावरचा पापुद्रा मात्र चिकटून बसलेला असतो. ही परीक्षा घरी खरवडून करू नये, कारण रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट कमी असतील तर रक्तस्राव होऊ शकतो. केमोथेरपीचे व्रण प्रामुख्याने गालांच्या व ओठांच्या आत, जिभेच्या कडांवर आणि जिभेखाली येतात, तर बुरशी टाळूवर आणि जिभेच्या पाठीवरही पसरते. तरीही केवळ पाहून निदान नेहमी होत नाही: बुरशीत कधी पांढरे काहीच न दिसता नुसती लाली असते, कधी दोन्ही एकत्र असतात, आणि हिरड्यांवर किंवा टाळूवर व्रण असतील तर नागिणीच्या कुळातील हर्पिस विषाणूचाही विचार करावा लागतो.

प्रतिबंधात म्युकोसायटिससाठीचा सर्वांत साधा उपाय बर्फ आहे. फ्लुरोयुरॅसिल हे केमोथेरपीचे औषध शिरेतून एकदम दिले जाते, तेव्हा ते रक्तात थोडाच वेळ जोरात असते. सुमारे 5 मिनिटे आधीपासून धरून अर्धा तास तोंडात बर्फाचे तुकडे घोळवले, तर तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि अस्तरापर्यंत औषध कमी पोहोचते. मेल्फॅलन या केमोथेरपीच्या आणखी एका औषधाच्या मोठ्या मात्रेलाही हाच न्याय लागू पडतो. मात्र तेच फ्लुरोयुरॅसिल पंपाने दोन दिवस सावकाश दिले जात असेल तर बर्फ किती वेळ चघळणार? आणि सोबत ऑक्झॅलिप्लाटिन हे केमोथेरपीचेच औषध असेल तर थंडीने घशात व तोंडात विचित्र त्रास होत असल्याने बर्फ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. किरणोपचारांत बेन्झिडामिन या दाहशामक औषधाच्या गुळण्या आणि काही ठिकाणी कमी तीव्रतेचा लेझर वापरतात. क्लोरहेक्सिडिन जंतुनाशक असले, तरी म्युकोसायटिस टाळण्यासाठी त्याची शिफारस केली जात नाही.

बुरशीसाठी बर्फाचा काही उपयोग नाही. तिथे तोंड ओलसर ठेवणे, कवळी रात्री काढून स्वच्छ करणे आणि स्टेरॉइडचा इनहेलर घेतल्यावर चूळ भरणे महत्त्वाचे ठरते. बुरशीरोधक औषध सरसकट सुरू करणे मला योग्य वाटत नाही. ते जास्त धोका असलेल्या रुग्णांना तज्ज्ञच देतात, कारण फ्लुकोनॅझोलसारख्या गोळ्या इतर औषधांशी झगडतात. गंमत अशी, की एव्हेरोलिमस या कर्करोगावरील गोळीमुळे येणारे व्रण टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या गुळण्यांनी बुरशीची शक्यता वाढू शकते.

उपचारांपूर्वी दंतचिकित्सकाची तपासणी, मऊ ब्रश आणि एक लिटर पाण्यात एकेक चमचा मीठ व खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चुळा भरणे, हे दोन्हींत हितकारक आहे. तंबाखू आणि अल्कोहोलयुक्त माउथवॉश दोन्हींत वर्ज्य. पाणीही पिता येत नसेल, किंवा केमोथेरपी सुरू असताना ताप 38 अंश सेल्सिअसवर गेला, तर तोंड कशाने आले याचा विचार करत न बसता ताबडतोब रुग्णालयाशी संपर्क साधावा, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना त्या उघड्या व्रणांतून जंतू रक्तात शिरू शकतात.